चार पर्यायांतला चकवा

चार पर्याय, त्यांतला एक बरोबर. आजच्या मुलांना याचं काही नवल वाटत नाही. पण ही पद्धत आली कुठून, हे शोधायला गेलं की आपण विद्यार्थ्याच्या बाकापाशी नाही, तर शिक्षकाच्या लाल पेन्सिलीपाशी जाऊन पोचतो.

१९१३ च्या सुमारास अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघा अभ्यासकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. कुणी तिशीच्याही खाली गुण दिले, कुणी नव्वदीच्या वर. तेही भूमितीत! कवितेच्या बाबतीत असं झालं असतं तर मी समजू शकलो असतो. १९१४ मध्ये फ्रेडरिक केली यांनी गुण देण्यातल्या या लहरीपणावरच प्रबंध लिहिला आणि त्यापाठोपाठ कॅन्ससमध्ये मुलांसाठी वाचनाची एक चाचणी तयार केली. तपासणारा कुणीही असो, गुण तेवढेच. बहुपर्यायी प्रश्नाची वंशावळ साधारण इथून सांगतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं सतरा लाखांच्या आसपास जवानांना अशा धर्तीच्या चाचण्या दिल्या आणि ही रीत सगळीकडे पसरली.

तपासणीचं यंत्र मात्र एका विज्ञानशिक्षकाच्या डोक्यातून निघालं. मिशिगनमधल्या शाळेत शिकवणाऱ्या रेनॉल्ड जॉन्सन यांनी एक साधी गोष्ट कामाला लावली : पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. योग्य जागी खूण असेल तर तिथून प्रवाह जाणार, आणि तो मोजला की गुण कळणार. आयबीएमनं हे यंत्र १९३८ मध्ये बाजारात आणलं. म्हणजे भौतिकशास्त्राचा पेपर तपासायलाही भौतिकशास्त्रच आलं.

खरी कसोटी पुढेच होती. बरोबर उत्तर पुस्तकात असतं. चुकीचे तीन पर्याय आणायचे कुठून? रात्री शेतातून जाताना ओळखीची वाट सोडून भलतीकडे नेणारा चकवा आपल्याकडे सांगतात ना, तसा प्रत्येक पर्याय असावा लागतो. उगाच ठोकून दिलेला पर्याय कुणालाच चकवत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठात हलून आणि हेस्टेनिस यांनी यावर सुरेख तोड काढली. आधी मुलांकडून उत्तरं लिहून घेतली. ज्या चुका पुन:पुन्हा आल्या, त्यांनाच पर्याय म्हणून मांडलं. ती चाचणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातूनच १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवरची २९ प्रश्नांची चाचणी आली.

उदाहरणार्थ, नाणं वर उडवलं. हातातून सुटल्यावर वर जाताना त्यावर कोणतं बल असतं? हवेचा अडथळा सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण. पण बहुतेकांचं बोट ‘हाताचा जोर, हळूहळू संपत जाणारा’ या पर्यायाकडे जातं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस असंच मानत होता. फेकलेल्या वस्तूत काहीतरी भरलं जातं, हा विचार इब्न सिना आणि पुढे पॅरिसचा बुरिदान यांनीही आपापल्या परीनं मांडला. त्या एका गोलात हजार वर्षांचं तत्त्वज्ञान बसलेलं असतं.

हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९० मध्ये अशी चाचणी वर्गात दिली, तेव्हा मुलांतून प्रश्न आला : तुम्ही शिकवलंत तसं उत्तर देऊ, की मला वाटतं तसं? माझूर यांनी मग वर्गाची पद्धतच बदलली. आधी प्रत्येकानं पर्याय निवडायचा, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा निवडायचा.

आपल्याकडे हेच प्रश्न वेगळ्या कामाला लागले. आयआयटीच्या प्रवेशासाठी २००५ पर्यंत गणितं सोडवून दाखवावी लागत. २००६ पासून परीक्षा वस्तुनिष्ठ झाली. २०२५ च्या ‘नीट’मध्ये भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न होते : बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. हिशेब करून पाहा. डोळे मिटून ठोकलं तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो. दोन पर्याय खोडता आले तर दीड. एकक जुळत नाही म्हणून पर्याय खोडणं हे अस्सल भौतिकशास्त्र, त्याला माझी हरकत नाही. पण मनापासून विचार करून फिलोपोनसच्या वाटेनं गेलेल्या मुलीचा एक गुण कापला जातो, आणि चिठ्ठी टाकून गोल काळा करणाऱ्याला कधी चार मिळून जातात. डॉक्टरकीची जागा अशा एकेका गुणावर जाते.

मी बी. ए. झालेला माणूस. आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत वर्तमानपत्रं वाचायला जातो, तेव्हा ‘नीट’वाल्या मुलींचं बोलणं कानावर पडतं. मध्यंतरी दोघी याच नाण्यावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. ‘‘चाचा, तुम्हीच सांगा, जोर नसेल तर ते वर जातंच कसं?’’ मी खिशातलं नाणं काढून दिलं. पाच-सहा वेळा उडवलं त्यांनी, दर वेळी नवा मुद्दा. शेवटी ते कपाटाखाली गेलं, एकीनं घड्याळाकडे पाहिलं आणि दोघी पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.