सी सेव्हनमधला कोलन

शनिवारी रात्री मित्राच्या बँडसाठी एका गाण्याचे कॉर्ड्स लिलीपाँडमध्ये टाइप करत होतो. गिटारवाले लिहितात तसं 'सी७' लिहिलं. एरर! म्हणे ७ हा कालावधीच नाही. ठीक. पुढे एके ठिकाणी 'सी२' होतं, म्हणजे सीमध्ये डी मिसळलेला. तिथे एरर नाही, काही नाही. गुपचूप साधा सी छापला, तोही अर्ध्या बारपुरता, आणि पुढचं सगळं सरकलं. एरर परवडली हो, पण हे मौन नको!

लिलीपाँड सुरू केलं १९९६ मध्ये, नेदरलँड्सच्या हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा संगीतवेड्यांनी. (म्हणून सी शार्पला तिथे अजूनही डच पद्धतीने 'सिस' म्हणतात.) जुन्या, हाताने कोरलेल्या पानांसारखं देखणं संगीत कॉम्प्युटरवर छापायचं, हा त्यांचा ध्यास. टायपिंग कमी व्हावं म्हणून सुराला चिकटून थेट कालावधी: ४ म्हणजे पाव नोट, २ म्हणजे अर्धी. झालं, आकड्याची सीट बुक!

पण वादकांचा त्या सीटवरचा हक्क फार जुना. १६०० च्या सुमारास इटलीत बासच्या सुराखाली नुसते आकडे लिहायचे, वरचे सूर कीबोर्डवाला भरायचा. तो आकडा म्हणजे बासपासूनचं अंतर. जॅझमधला ७ याच वळणाचा, फक्त तो मूळ सुरापासून मोजायचा.

तोडगा म्हणजे कोलन. आधी कालावधी, नंतर अंतर. 'सी२:७' म्हणजे अर्ध्या नोटेइतका सी सेव्हन. गंमत म्हणजे कोलननंतर चालते ती वादकांचीच सवय. सीला सा धरलात तर नुसता ७ म्हणजे कोमल नी. शुद्ध नी हवा तर 'मेज७' असं मुद्दाम सांगायचं. आणि टाइप केलं तेच छापेल असंही नाही. 'मेज७'चा कागदावर छोटा त्रिकोण होतो, कारण छपाईची डीफॉल्ट पद्धत क्लाउस इग्नात्झेक या जर्मन जॅझ पियानिस्टची.

ख्रिस वॉलशॉच्या एबीसी नोटेशनमध्ये कॉर्ड अवतरणचिन्हांत टाकला की काम झालं. सोपं आहे, मान्य. पण मला कोलनच पटला. रविवारी सकाळी गायिकेचा फोन, "दोन सूर खाली घे ना रे." लिलीपाँडला कॉर्डमधले सूर ठाऊक असतात, त्यामुळे ट्रान्सपोजची एक ओळ पुरली. चहा निवायच्या आत नवीन पानं तयार.

'सी२' मात्र तेवढा हाताने दुरुस्त केला.