मातीचा देह, माणसाची आठवण

घागरीला गळा असतो, मडक्याला पोट असते आणि रांजणाला तोंड. गोंदियाच्या बाजारात मडके वाजवून घेताना आपण हे शब्द सहज वापरतो. परंतु मातीच्या भांड्यात मानवी देह पाहण्याची ही दृष्टी फार प्राचीन आहे. तिचा बोलका पुरावा पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे सापडला.

डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे हे शेतकऱ्यांचे गाव. तेथील कुंभार चाकावर भांडी घडवीत, तांबड्या अंगावर काळ्या रंगाने रेषा व जाळीची नक्षी काढीत आणि मग ती भट्टीत भाजीत. एका घराच्या अंगणात मात्र चार पायांचा, कच्च्या मातीचा रांजण निघाला. त्याची एक बाजू पोटासारखी फुगीर होती. आत सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष बसलेल्या स्थितीत होता आणि सोबतच्या भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगविलेली होती. त्या गावी प्रौढ मृतांचे पाय घोट्याखाली तोडून त्यांना पुरीत. याचे पाय मात्र शाबूत होते. म्हणून अभ्यासक त्याला गावचा प्रमुख मानतात. लहान मुलांना दोन कलशांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच ठेवीत.

दूर दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, मोचे लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या आठ शतकांत याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांना कुंभाराचे चाक ठाऊक नव्हते. साच्यातून काढलेल्या आणि रंगविलेल्या त्यांच्या भांड्यांवर खऱ्या माणसांचे चेहरे उमटले. ओठावर व्रण असलेला एकच पुरुष बालपणापासून प्रौढपणापर्यंत अनेक भांड्यांवर ओळखता येतो.

मोचे कुंभाराने मातीला चेहरा दिला, इनामगावच्या कुंभाराने देह दिला. दोघांजवळही लिपी नव्हती. आठवण जपायला मातीच होती. त्या जुळ्या कलशांतील मुलांची नावे कोणाला कळणार नाहीत. परंतु आईबापांनी त्यांना घरापासून दूर केले नाही, एवढे ते कलश आजही सांगतात.

आमच्या विदर्भातही शिलावर्तुळांखाली मृतांसोबत काळी-तांबडी भांडी ठेवलेली आढळतात. नांगराच्या फाळाला एखादे जुने खापर लागले, तर ते बांधावर भिरकावण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. कोणाच्या तरी माणसाची ती अखेरची खूण असू शकेल.