खेळाडूंच्या कोपराच्या अतिवापरजन्य दुखापती आणि वैद्यकीय प्रतिमातंत्र : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पडल्याने किंवा आघाताने होणारी कोपराची दुखापत तत्काळ लक्षात येते. मात्र एकच हालचाल हजारो वेळा केल्याने होणारी इजा हळूहळू वाढते. तिला निश्चित क्षण नसतो आणि बाहेरून जखमही दिसत नाही. प्रस्तुत लेखात अशा अतिवापरजन्य दुखापतींचे निदान प्रतिमातंत्रामुळे कसे बदलत गेले, याचा मुख्यतः अमेरिकेतील बेसबॉलच्या आधारे आढावा घेतला आहे.

क्ष-किरणांचा कालखंड :
'लॉन टेनिस एल्बो' ही संज्ञा १८८३ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. हा विकार टेनिसपुरता मर्यादित नाही. सचिन तेंडुलकर यांच्यावर याच विकारासाठी मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न उघडता हाड पाहणे शक्य झाले.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. जोरदार फेकीच्या वेळी त्याच्या कोपराची आतील बाजू ताणली जाते, तर बाहेरील बाजूची हाडे एकमेकांवर दाबली जातात. जॉर्ज बेनेट यांनी १९४१ मध्ये व्यावसायिक पिचरांच्या खांद्याच्या व कोपराच्या विकारांचे वर्णन केले. १९६० मध्ये ब्रॉग्डन व क्रो यांनी बालखेळाडूंच्या कोपरातील बदल क्ष-किरण चित्रांद्वारे मांडले. त्यास 'लिटल लीगर्स एल्बो' हे नाव मिळाले. सँडी कूफॅक्स या विख्यात पिचरला सांधेझिजेमुळे १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३० व्या वर्षी निवृत्त व्हावे लागले.

अस्थिबंधाचा प्रश्न :
क्ष-किरणांत हाड दिसे, परंतु दोन हाडांना जोडणारा अस्थिबंध दिसत नसे. त्यामुळे हाड शाबूत असलेल्या पिचरचा 'हात गेला' एवढेच म्हटले जाई व त्याची कारकीर्द संपे. १७ जुलै १९७४ रोजी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा आतील अस्थिबंध तुटला. २५ सप्टेंबर रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाकडील कंडरा काढून तेथे बसविली. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे होते.

एमआरआय व सोनोग्राफी :
१९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादाद्वारे प्रतिमा मिळविण्याची पद्धत मांडली. या कार्याबद्दल त्यांना व पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआयमध्ये अस्थिबंध, कंडरा व कूर्चा स्पष्ट दिसू लागल्या. सांध्यात रंजकद्रव्य सोडून तपासणी केल्यास अस्थिबंधाची अर्धवट फाटही ओळखता येते. सोनोग्राफीत कोपरावर ताण देऊन सांधा किती उघडतो, हे प्रत्यक्ष पाहता येते. तथापि, वेदना नसलेल्या पिचरांच्या एमआरआयमध्येही बदल आढळतात. म्हणून केवळ प्रतिमेवरून निर्णय न घेता शारीरिक तपासणीची जोड आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
प्रतिमातंत्राने खेळाडूच्या वेदनेला पुरावा दिला आणि त्यामुळे योग्य उपचार शक्य झाले. परंतु प्रतिमेत दिसते ती झालेली झीज होय. ती टाळण्याचा उपाय मैदानावरच आहे. लिटल लीगने २००७ पासून मुलांच्या फेकींच्या संख्येवर वयानुसार मर्यादा घातली, ती याच जाणिवेतून. वाढत्या वयातील कोपराला विश्रांती देणे ही प्रशिक्षक व पालक यांची प्राथमिक जबाबदारी आहे, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.