नीटची 'पात्रता': टक्के, पर्सेंटाइल आणि प्रवेश

जून महिना लागला की जठारपेठेतल्या दवाखान्यात बीपी तपासायला आलेले आईवडील जुनी फाईल काढण्याआधी मोबाईल पुढे करतात. त्यावर मुलाचा नाहीतर मुलीचा नीटचा निकाल असतो. "डॉक्टरसाहेब, पोरगी क्वालिफाय झाली, आता कोणतं कॉलेज भेटन?" पेढे वाटून झालेले असतात. गुण असतात १७०, ७२० पैकी. अशा वेळी खरं सांगणं जड जातं, पण ते लवकर सांगितलेलं बरं. क्वालिफाय होणं म्हणजे प्रवेश मिळणं नव्हे. या दोन गोष्टींत एवढं अंतर कसं पडलं, हे कळायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

माझ्या पिढीला प्रवेश परीक्षाच नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या गुणांची बेरीज झाली की त्यावरच यादी लागे. पात्रतेसाठी या तीन विषयांत मिळून किमान ५० टक्के, राखीव वर्गासाठी ४० टक्के. त्या काळी अकोल्याच्या मुलासमोर सरकारी कॉलेज म्हणजे मुख्यतः नागपूरच. तिथलं मेडिकल १९४७ चं. अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कॉलेज १९८४ मध्ये निघालं, पण ते खासगी. यवतमाळचं सरकारी कॉलेज १९८९ मध्ये आलं आणि आपल्या अकोल्याचं तर २००२ मध्ये. जागा मोजक्या, त्यामुळे किमान ५० टक्क्यांची अट कागदावरच राही. प्रत्यक्षात यादी त्याच्या कितीतरी वर थांबायची.

त्यातच भूगोलाचा प्रश्न होता. एका विद्यापीठाच्या हद्दीतल्या जागा त्याच हद्दीतल्या मुलांना, अशी राज्याची पद्धत होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली आणि प्रादेशिक वाट्याला ७० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. यातूनच आपल्याकडचं ७०:३० चं सूत्र आलं: ७० टक्के जागा विदर्भ, मराठवाडा किंवा उर्वरित महाराष्ट्र अशा आपापल्या भागातल्या मुलांना, ३० टक्के साऱ्या राज्याला खुल्या. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने हे सूत्र रद्द केलं. मराठवाड्यात त्याचं स्वागत झालं, कारण तिथे कॉलेजं कमी होती. विदर्भात मात्र बऱ्याच पालकांना आपली ढाल गेल्यासारखं वाटलं. दोघांचंही खरं होतं, असं माझं मत आहे.

वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका तराजूत कसे तोलायचे, हे भांडण वाढत गेलं आणि नव्वदचं दशक संपता संपता राज्याची सीईटी आली. बायोलॉजी १०० गुणांची, फिजिक्स आणि केमिस्ट्री ५०-५० ची, एकूण २००. खुल्या वर्गाला किमान १०० हवेत, राखीव वर्गाला ८०. म्हणजे रेषा टक्क्यांचीच होती. शेजारी सेवाग्रामची मात्र स्वतंत्र परीक्षा असे आणि तिच्यात गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असायची. डॉक्टर होण्यासाठी गांधी वाचावे लागत, ही कल्पना मला आजही आवडते.

मग आली नीट. पहिली ५ मे २०१३ रोजी झाली. १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, म्हणून आपल्याकडे पुढची दोन वर्षं पुन्हा सीईटी. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने स्वतःचाच तो निकाल मागे घेतला. त्या वर्षीच्या मुलांचे हाल आठवतात. ५ मे रोजी त्यांनी सीईटी दिली आणि ९ मे रोजी न्यायालयाने सांगितलं की राज्याची परीक्षा चालणार नाही. महिनाअखेरीस केंद्राचा अध्यादेश आला आणि सरकारी जागांपुरती त्या एका वर्षाची सीईटी वाचली. त्या महिन्यात झोप न येणारे, पोटात मुरडा येणारे, छातीत धडधडणारे किती सतरा-अठरा वर्षांचे पेशंट आले, त्याची नोंद मी ठेवली नाही. २०१७ पासून नीट मराठीतही देता येते.

नीटबरोबर एक शब्द हळूच बदलला. 'टक्के' गेले आणि 'पर्सेंटाइल' आलं. खुल्या वर्गाला किमान ५०, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४०. कानाला जुनी अटच वाटते, पण अर्थ पार वेगळा आहे.

लहान बाळाचं वजन करताना आम्ही वाढीचा तक्ता पाहतो, तो तुम्हीही पाहिला असेल. बाळ ५० व्या पर्सेंटाइलवर आहे म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांत साधारण पन्नास त्याच्यापेक्षा हलकी. बाळ किती किलोचं, हे त्यातून कळत नाही. आता समजा, एकाच गावच्या शंभर पोरांचा तक्ता केला आणि त्या साली सगळीच पोरं रोड निघाली, तरी मधलं पोर ५० व्या पर्सेंटाइलवरच राहणार. नीटचंही तसंच. ५० पर्सेंटाइल म्हणजे निम्मे गुण नव्हेत, परीक्षा देणाऱ्यांतला मधला विद्यार्थी. त्याला जेवढे गुण, तेवढी त्या वर्षीची रेषा.

म्हणून ती दरवर्षी हलते. खुल्या वर्गासाठी २०१७ मध्ये १३१, २०१८ मध्ये ११९, २०२० मध्ये १४७, २०२२ मध्ये ११७, २०२४ मध्ये सुधारित निकालानंतर १६२, २०२५ मध्ये १४४. हे सगळे ७२० पैकी. ११७ म्हणजे सव्वासोळा टक्के होतात. जुन्या ५० टक्क्यांच्या हिशेबाने ३६० लागले असते.

२०२४ मध्ये २३ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि सुमारे १३ लाख पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक, त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. म्हणजे एका जागेमागे बारा 'क्वालिफाय'. त्या वर्षी महाराष्ट्रात खुल्या वर्गाची सरकारी कॉलेजची यादी सहाशेच्या वरच थांबली. २०२५ चा पेपर अवघड गेला, तेव्हा ती पाचशेच्या आसपास आली.

मग एवढी खालची रेषा कोणाच्या कामाची? माझ्या मते, ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या. खासगी आणि अभिमत कॉलेजांतल्या महागड्या जागांसाठी पात्र असणं पुरतं. परदेशी शिकायला जायलाही २०१८ पासून नीटची पात्रता लागते. रेषा वर नेली तर या जागा रिकाम्या राहतील, आणि रिकाम्या जागेला कॉलेजं फार घाबरतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये बीडीएसच्या जागा भराव्यात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पात्रता १० पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये एमडी-एमएसच्या नीटची पात्रता तर शून्य पर्सेंटाइल झाली. ज्याने परीक्षा दिली तो पात्र! तुमचा निकाल लागल्याबरोबर अनोळखी एजंटाचा फोन का येतो, ते आता लक्षात येईल. त्याला मुलीचे १७० गुण दिसत नाहीत, बापाचं शेत दिसतं.

परदेशातून शिकून आलेल्यांना इथे प्रॅक्टिस करण्याआधी जी परीक्षा द्यावी लागते, तिथे मात्र पर्सेंटाइल नाही. ३०० पैकी १५० हवेतच, मग बाकीच्यांना कितीही पडोत. कारण तिथे रांग लावायची नसते, पेशंटला हात लावण्याइतकं येतं का ते पाहायचं असतं.

एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: कमी गुणांवर आत गेलेला डॉक्टर चांगला असेल का? प्रवेशाचे गुण तिथेच संपतात. पुढची साडेचार वर्षं प्रत्येक विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून किमान ५० टक्के घ्यावे लागतात, नंतर वर्षभर इंटर्नशिप. त्यात कोणत्याही वर्गाला, कोणत्याही कोट्याला वेगळी रेषा नाही.

तेव्हा निकाल हातात आला की पात्रतेची रेषा बाजूला ठेवा आणि राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहा. गेल्या वर्षी तुमच्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला, ते सीईटी सेलच्या याद्यांत सापडतं. तुलना क्रमांकाशीच करा, गुणांशी नको. आणखी एक, २०२४ पासून अमरावती, वाशीम आणि बुलढाण्यातही सरकारी कॉलेज सुरू झालं आहे. पसंतीक्रम भरताना अकोला-नागपूर लिहून थांबू नका, ही तिन्ही नावंही भरा. आणि बारावीचं गुणपत्रकही एकदा काढून बघा.