पहिली पळी

१९७२च्या दुष्काळात माणदेशातल्या आमच्या दारात एक माणूस येऊन टेकला. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. बऱ्याच दिवसांत पोटात अन्न नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांचा. टोपलीतली भाकरी घेऊन धावलो, तर आजीनं माझं मनगटच धरलं. "नगं देऊस. मरंल त्यो."

तिनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्यांची पाण्यासारखी पातळ पेज केली, मिठाचा खडा टाकला आणि एक पळी त्याच्या वाटीत ओतली. तो हात जोडून आणखी मागत होता. आजी हलली नाही. अंगणातली सावली हातभर सरकल्यावर दुसरी पळी. मला तिचा भयंकर राग आला.

रात्री तिनं तिच्या सासूची आठवण सांगितली. १८९९ साली पाऊस गेला आणि माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून जगू लागली. सासूचा चुलत दीर तिथून नुसता सापळा होऊन परतला. घरच्यांनी पेवाच्या तळाचा जोंधळा खरवडून काढला, भाकरी थापल्या, वर गूळ दिला. तो पोटभर जेवला. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, धाप लागली आणि तो गेला. गाव म्हणालं, अन्न अंगावर आलं. सासू मात्र मरेपर्यंत म्हणायची, "दुस्काळातनं वाचला, आमच्या मायेनं मारला."

पुढं जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन छळछावणीबद्दल वाचताना आजीच्या सासूचे हे शब्द आठवले. १५ एप्रिल १९४५ला ब्रिटिश फौजेनं ती छावणी मुक्त केली. सैनिकांनी कळवळून आपल्या शिध्यातले मांसाचे डबे कैद्यांना दिले. ते अन्न कित्येकांना सोसलं नाही. सुटकेनंतरही तिथं सुमारे १४ हजार माणसं मेली. टायफस आणि उपासमार होतीच, त्यात या जड अन्नाची भर पडली. मग डॉक्टरांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं गोड, पातळ मिश्रण तिथं आणलं.

असं का होतं? उपासात शरीर आपलीच चरबी आणि स्नायू जाळतं. पेशींतला फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा साठा आटतो. अशा वेळी एकदम भाकरी, भात, साखर पोटात गेली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तात उरलेले क्षारही पेशींत ओढले जातात. हृदयाचा ठोका चुकतो, श्वासाचे स्नायू थकतात. थायमिन हे जीवनसत्त्वही संपतं, त्याचा फटका मेंदूला बसतो. वैद्यक याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतं.

म्हणूनच आज अतितीव्र कुपोषित बाळाला दवाखान्यात आधी एफ-७५ नावाचं दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये फक्त ७५ कॅलरी असतात आणि ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं पाजतात. आजीच्या पळीमागचा हिशेब हाच होता.

पण पेजेतून फॉस्फेट आणि थायमिनची तूट भरून निघत नाही, रक्तही तपासता येत नाही. म्हणून घरातलं कुणी आजारपणानं, दारूनं किंवा लांबलेल्या उपोषणानं पाचाहून अधिक दिवस जवळजवळ उपाशी असेल, तर ताट वाढण्याआधी डॉक्टरांना विचारा. माया करा, पण पळीपळीनं करा.