सर्किट बोर्ड डिझाइन करायचंय? मोफत सॉफ्टवेअर पुरेल की पैसे मोजावे लागतील?

मोबाईलचा चार्जर उघडला की आत एक छोटी, बहुतेक वेळा हिरवी पाटी दिसते. तीच पीसीबी, म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. तिच्यावर कोणता पार्ट कुठे बसणार आणि तांब्याच्या रेषा कुठून जाणार, हे आधी कम्प्युटरवर आखावं लागतं.

चौकमधला डिप्लोमाचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी बोर्ड बनवत असो, की कर्जतमध्ये कुणी पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर बनवून विकायचं ठरवत असो, सुरुवातीला प्रश्न एकच पडतो. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

मोफत आणि मुक्त यात फरक काय?

मोफत म्हणजे आज पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे उद्याही ते कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

ईगल या सॉफ्टवेअरचं उदाहरण बघा. हौशी मंडळींमध्ये ते खूप लोकप्रिय होतं. मोफत आवृत्तीत फक्त २ लेयर आणि ८० चौरस सेंटीमीटरचा बोर्ड करता यायचा. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं आणि २०१७ पासून एकदाच पैसे भरून घ्यायची सोय जाऊन वर्गणी आली. पुढे २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ७ जून २०२६ पासून ईगल बंद. ज्यांची वर्षांची डिझाइन्स त्यात होती, त्यांना दुसरीकडे जाण्याची तयारी करावी लागली.

कीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. फ्रान्समधल्या ज्याँ-पियेर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं. पुढे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला. बोर्डच्या आकारावर मर्यादा नाही, तांब्याचे ३२ लेयर करता येतात आणि बनवलेला बोर्ड विकायलाही परवानगी लागत नाही. ईगल आणि अल्टियमच्या फाइल्सही त्यात आणता येतात, पण आणल्यावर नीट तपासून घ्या.

ईझीईडीए हा आणखी एक मोफत पर्याय. ते ब्राउझरमध्येच चालत असल्याने शिकायला सोपं जातं. मात्र ऑनलाइन काम करताना नेट गेलं की अडचण होते. त्यामुळे फाइल्सची प्रत स्वतःकडे ठेवा.

मग पैसे कधी मोजायचे?

अल्टियम, कॅडन्सचं अलेग्रो ही मोठ्या कंपन्यांची साधनं. अनेक इंजिनिअर एकाच बोर्डवर काम करत असतील, वेगवान सिग्नलची सखोल तपासणी हवी असेल किंवा ग्राहकाने त्याच फॉरमॅटमध्ये फाइल मागितली असेल, तर खर्च वसूल होतो. एरवी बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला तुमच्या सॉफ्टवेअरशी देणंघेणं नसतं. त्याला गर्बर आणि ड्रिल फाइल्स लागतात. त्या मोफत सॉफ्टवेअरमधूनही निघतात.

क्रॅक व्हर्जन चालेल का?

नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण ५० हजारांपर्यंत दंड तरीही होऊ शकतो.

शिकायचं कुठे?

पवईच्या आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे. त्यांनी कीकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र करून ईसिम हे मोफत सॉफ्टवेअर बनवलंय. सर्किट काढा, चालेल का ते तपासा आणि बोर्ड आखा, सगळं एकाच ठिकाणी. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलवर अशा सॉफ्टवेअरचे धडे मोफत मिळतात, त्यातले अनेक मराठीतही आहेत.

थोडक्यात काय?

शिकण्यासाठी, कॉलेज प्रोजेक्टसाठी आणि छोट्या धंद्यासाठी कीकॅडपासून सुरुवात करा. नोकरीत अल्टियम लागलं तर ते तेव्हा शिकता येतं. बोर्ड आखायची समज एकदा आली की मेनूतली बटणं सापडायला वेळ लागत नाही. निवडताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा: हीच फाइल ५ वर्षांनी मला उघडता येईल का?