टिकलेल्या गाड्या, टिकवलेल्या गाड्या

जुन्या मोटारींचा विषय निघाला की साठी ओलांडलेले गृहस्थ हमखास म्हणतात, ‘आमची फियाट वीस वर्षं चालली. आताच्या गाड्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे.’ पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्धाचे काय? गॅरेजची बिले आणि मालकांच्या खर्चाच्या वह्या जमवण्याच्या माझ्या नादापायी हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. अमुक कंपनीची गाडी तमुकपेक्षा टिकाऊ, हे ठरवायचे कशावरून?

जर्मनीत ठरावीक मुदतीने मोटारीची सक्तीची तपासणी होते. ‘ट्यूफ’ या तपासणी संस्थांच्या निकालांवरून दरवर्षी अहवाल निघतो. एकाच वयाच्या गाड्या शेजारी ठेवून कोणत्या मॉडेलमध्ये किती टक्के गंभीर दोष निघाले, ते त्यात छापलेले असते. आपल्याकडे गिऱ्हाइकासमोर मुळात निवडच तोकडी होती. आयात जवळपास बंद, उत्पादनाला परवान्याचे कुंपण. १९६० च्या दशकात उरल्या मुख्यतः तीन गाड्या: उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट (हीच पुढे पद्मिनी झाली) आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे. अशा वेळी हातातली गाडी मोडीत काढणार कोण? तिचे निम्मे आयुष्य या टंचाईने वाढवले, असे माझे मत आहे.

उरलेले निम्मे फिटरने वाढवले. अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे फियाट ११००. दोन्हींचा आराखडा १९५० च्या दशकातला. एकीचे इंजिन १४८९ सीसी, दुसरीचे १०८९. सगळे उघडे, हाताला लागणारे. पिस्टन झिजले की सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे टाकायचे. पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळेवर ग्रीस नाही मिळाले तर ते वाजू लागायचे. उन्हाळ्यात बोरघाट चढताना रेडिएटर उकळायचा, पेट्रोल पंप तापून गाडी थांबली की त्याच्यावर ओले फडके ठेवायचे. यातले एक लक्षण आजच्या नव्या गाडीने दाखवले तर आपण तिला बिनभरवशाची ठरवून शोरूम डोक्यावर घेऊ. माझ्याकडच्या एका वहीत मालकाने क्लच, डायनामो, बुश असा एकेक खर्च तारीखवार लिहिला आहे, आणि शेवटच्या पानावर तोच मालक लिहितो, ‘गाडीने कधी दगा दिला नाही.’ तो खोटे बोलत नव्हता. दुरुस्तीला तो दगा समजत नव्हता, एवढेच. फिटरची आणि त्याच्या हाताखालच्या पोऱ्याची मजुरी इतकी कमी होती की ती हिशेबात फारशी टोचत नसे. जुन्या गाडीच्या कौतुकात त्या पोऱ्याचे नाव कधी येत नाही.

टॅक्सीवाल्यांचा हिशेब मात्र रोखठोक असतो. गाडी उभी राहिली की त्या दिवसाचे भाडे बुडाले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनी पसंत केली, कोलकात्याच्यांनी अँबॅसडर. दोन्ही शहरांतल्या लोकांना आपलीच गाडी दणकट वाटते. नकाशा पाहावा: कुर्ला मुंबईत, उत्तरपाडा कोलकात्याला लागून. जवळच्या कारखान्याची गाडी घेतली की सुटे भाग सहज मिळत, त्या गाडीत मुरलेले कारागीर गल्लोगल्ली असत. पद्मिनी आकाराने लहान आणि पेट्रोलला हलकी होती, हाही मुंबईकरांचा फायदा होताच.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, सुझुकीचे तंत्र. ही गाडी मुळात बिघडायचीच कमी. टिकाऊपणा या शब्दाचा अर्थ आपल्याकडे तेव्हापासून बदलू लागला. ‘दुरुस्त होते ती टिकाऊ’ ऐवजी ‘दुरुस्तीला न्यावी लागत नाही ती टिकाऊ’ असे लोक म्हणू लागले. या दोन अर्थांची सरमिसळ करूनच आजही वाद घातले जातात.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ती सेवेतून बाद झाली. कोलकात्यात टॅक्सीची मर्यादा पंधरा वर्षांची. एवढ्यावरून पद्मिनी अँबॅसडरपेक्षा पाच वर्षांनी दणकट, असे कोणी छातीठोक सांगू लागले, तर त्याने आधी दोन्ही शहरांचे नियम वाचावेत. त्यांत गाडीचे वय विचारले आहे, इंजिनाची तब्येत नाही.